दोन मापांच्या बांगड्या

शेअर रिक्षातून उतरताना चपलेचा अंगठा तुटला आणि मी उजव्या हातावर पडले. एवढीच गोष्ट. 4 जुलै 2023, मंगळवार, सकाळचे साडेनऊ, ठाण्यात धो धो पाऊस. लोकमान्यनगरहून स्टेशनकडे येणाऱ्या रिक्षात मी रोज बसते आणि रोज उतरते. त्या दिवशी पडले. पडताना माणूस हात पुढे टाकतोच. उठून मनगटाकडे पाहिलं तर ते देवघरातल्या पळीच्या दांड्यासारखं वाकलं होतं. दुखत मात्र नव्हतं. दुखायला दहा मिनिटांनी लागलं, तोवर एका भाजीवालीने मला तिच्या पाटीशेजारी बसवून माझ्या डोक्यावर छत्री धरली होती.

पुढचं भराभर सांगते, कारण या भागाबद्दल सगळेच सांगतात. मनगटाशी रेडियस हे हाड मोडलं होतं, तुकडे सरकले होते. 6 जुलैला ऑपरेशन, टायटॅनियमची पट्टी आणि नऊ स्क्रू. 20 जुलैला टाके काढले, मग स्प्लिंट. अख्खा अधिक महिना मी डाव्या हाताने जेवले आणि सासूबाईंनी त्यावर चकार शब्द काढला नाही, हे त्यांचं मोठेपण.

17 ऑगस्टला एक्स-रे काढला. डॉक्टर पडद्याकडे बघून खूश झाले. "हाड मस्त जुळलंय. आता सगळी कामं करायची, घाबरायचं नाही." शिवाय हाडांची घनता तपासून घ्या म्हणाले, पन्नाशीनंतर नुसतं उभ्याचं पडून मनगट मोडलं तर ती हाडांनी पाठवलेली नोटीस समजायची. तपासली. तपासणीचा आकडा उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा धरतात, मी उणे 2.1 वर होते, म्हणजे उंबरठ्यावर. गोळ्या सुरू झाल्या.

केबिनमधून बाहेर आले आणि औषधांचे पैसे द्यायला पर्सची चेन उघडायला गेले, तर अंगठा आणि तर्जनी एकमेकांपर्यंत नीट पोचेनात. पोचली तर जोर लागेना. मी एका पतपेढीत एकतीस वर्षं कॅशियर आहे. माझा उजवा अंगठा नोटांच्या गड्डीवरून इतका फिरलाय की आधार कार्डाच्या मशीनला त्याचा ठसा सापडत नाही. तो अंगठा माझ्याच पर्सच्या चेनपुढे हरला आणि मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "बाळा, जरा उघडून देतेस?"

हाड जुळलं म्हणजे बरं झालं, असं आपण सगळेच धरून चालतो. शेजारी, नातेवाईक, ऑफिस, सगळे. "झालं ना प्लास्टर काढून?" हा प्रश्न आणि त्यातच त्याचं उत्तर. पण कुलपात किल्ली फिरेना. गॅसचं बटण दाबून फिरवणं जमेना. पोळी लाटताना लाटणं डावीकडे पळे आणि पोळीचा भारताचा नकाशा होई. नळाखाली ओंजळ धरली तर उजवा तळहात पूर्ण वर वळतच नसे, पाणी एका बाजूने गळून जाई. आणि व्रण. नाडी बघतात तिथून वर कोपराकडे साधारण 8 सेंटिमीटरची रेघ, लालसर, दोरीसारखी फुगलेली. तिला साडीच्या पदराचा काठ लागला तरी झिणझिण्या मस्तकात जायच्या. मी तिला हात लावत नव्हते, बघतही नव्हते. आंघोळीच्या वेळी तेवढा भाग मी वगळायचे, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

आता मालिशीकडे येते.

सासूबाई 81 वर्षांच्या. त्यांच्या मते जगातलं कुठलंही आखडलेपण तेलाने सुटतं. रोज रात्री मालिका लागली की वाटीत तेल कोमट करून त्या माझा हात मांडीवर घेत आणि कोपरापासून बोटांपर्यंत हलक्या हाताने चोळत. व्रणावर आल्या की नुसती फुंकर घालत. याने मनगट एक रेघही जास्त वाकलं नाही, पण त्या अर्ध्या तासानंतर मला झोप लागायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे कळलं त्यात सासूबाईंचं तेल अगदीच चुकीचं ठरलं नाही.

चुकीचा ठरला तो दुसरा माणूस. ऑगस्टच्या शेवटी मैत्रिणीने एक पत्ता दिला. "दोन बसण्यांत हात मोकळा करतो." खुर्ची, स्टूल, भिंतीवर देवांचे फोटो. त्याने माझा हात धरला, व्रणावर दोन्ही अंगठे रोवले आणि म्हणाला, "ताई, आत गाठ धरलीय. फोडावी लागेल." मग एका झटक्यात त्याने मनगट मागे रेटलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो बाळंतपणातही निघाला नव्हता. त्याला वाटलं, गाठ फुटली. मी 500 रुपये दिले. डाव्या हाताने. रात्री बोटं वांग्यासारखी सुजली. चार रात्री उशीवर हात ठेवून बसून काढल्या. पाचव्या दिवशी मोजलं तर आधी जेवढं वाकत होतं त्याहून कमी वाकत होतं.

4 सप्टेंबरला राममारुती रोडच्या एका गल्लीतल्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये गेले. फिजिओ माझ्या मुलीच्या वयाची. तिने आधी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवायला लावले, कातडीचा रंग, ऊब, घाम, सूज नीट पाहिली. ते कशासाठी, हे तिने नंतर सांगितलं: काही जणांच्या हातात दुखापतीच्या मानाने वेदना फार वाढते, रंग आणि तापमान बदलतं, आणि तो वेगळा आजार असतो, लवकर ओळखावा लागतो. माझा तो नव्हता. मग तिची नजर मनगटावरच्या हिरवट-निळ्या डागांवर गेली.

"काकू, हे कुणी केलं?"

सांगितलं. ती चिडली नाही, फक्त पेन खाली ठेवलं. "जोर लावून रेटलं की आत बारीक बारीक फाटतं, सूज येते, आणि ते फाटलेलं भरून काढायला शरीर आणखी व्रण घालतं. म्हणजे जे सोडवायला गेलात तेच वाढवून आलात. नशीब, कोपर नव्हतं. मोडलेलं कोपर असं चोळलं ना, तर कधी कधी स्नायूच्या आतच हाड तयार होतं. हात मग कायमचा अर्धा राहतो."

मला आमच्या मुरबाडच्या आत्तेभावाची आठवण झाली. लहानपणी आंब्यावरून पडला होता. गावातल्या माणसाने महिनाभर कोपर चोळून चोळून दिलं. पन्नाशी उलटली तरी त्याचा डावा हात सरळ होत नाही, आणि आम्ही आजवर म्हणत आलो की आंबा वाईट.

फिजिओने व्रणाजवळ बोट ठेवलं आणि म्हणाली, "अंगठा आत दुमडा." मी दुमडला. व्रणाची मधली जागा आत ओढली गेली, खळी पडल्यासारखी. "दिसलं? अंगठा ओढणारी स्नायूची दोरी हलतेय आणि कातडी तिच्याबरोबर जातेय. कातडी, तिच्याखालची चरबी, दोरीवरचं आवरण, हे सगळे थर एकमेकांवरून सरकायला हवेत. तुमचे चिकटलेत."

मी म्हटलं, म्हणजे जास्त खळ घातलेली सुती साडी. घडी उलगडायला गेलं की पदर निऱ्यांना चिकटून येतो. ती हसली. "अगदी. फक्त साडी ओली करून सोडवता येते, हे नाही."

पुढे तिने जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत उतरवलं. जखम भरते तेव्हा शरीर घाईत असतं. हाताला लागेल त्या दिशेने कोलॅजनचे धागे टाकतं, घाईघाईचं रफू. मग पुढे वर्षभर, कधी दीड वर्षही, ते रफू उसवून पुन्हा विणत बसतं. ज्या बाजूने ताण पडेल त्या बाजूने धागे लावून घेतं. ताण पडलाच नाही तर कसेही पडून राहतात. लाल व्रण हळूहळू फिका आणि मऊ होतो तो यामुळे. आणि कितीही चांगलं झालं तरी व्रणाची कातडी मूळ कातडीच्या फार तर 80 टक्के मजबूत होते. रफूची जागा रफूचीच.

"मग मसाजने ते धागे तुटतात?" मी विचारलं. पैशाचा व्यवहार करणाऱ्या बाईला स्पष्ट हिशेब लागतो.

"नाही काकू. पक्का झालेला व्रण हाताने तुटत नाही. तुटेल एवढा जोर लावला तर आधी वरची कातडी जाईल. आणि खरं सांगायचं तर व्रणाच्या मसाजवर फार भक्कम पुरावाही नाहीये. तरी आम्ही करायला लावतो, कारण कातडी मऊ राहते, खाज आणि झोंबणं कमी होतं, आणि तुमच्या मेंदूला कळतं की इथे हात लागला तरी काही वाईट होत नाही. हात तयार होतो. खरं काम त्यानंतरचा व्यायाम करतो."

हे ऐकून मी तिथेच दहा बसण्यांचे पैसे भरले. मला फसवायचं असतं तर ती "गाठ फोडते" म्हणाली असती.

तिने मसाज शिकवला तो सासूबाईंच्या नेमका उलटा. तेल जवळजवळ नाहीच, खोबरेल तेलाचा एक थेंब, तोही पुसून. बोट कातडीवरून घसरायला नको, बोटाबरोबर कातडी सरकायला हवी. दाब किती, तर नखाचं टोक पांढरं पडेल इतका. आधी व्रणाच्या लांबीने, मग आडवं, मग छोटी वर्तुळं, शेवटी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत व्रण उचलून पुढे पुढे लाटत न्यायचा. पाच मिनिटं, दिवसातून तीन वेळा. जखम पूर्ण मिटलेली हवी, कुठे खपली किंवा ओल असेल तर हात लावायचा नाही. आणि दंड, पोटरी, कुठेही एका बाजूला अचानक सूज आली, गरम लागलं, तर चोळत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. रक्ताची गुठळी असली तर चोळणं धोक्याचं.

सोपं वाटतं ना? पहिल्या दिवशी मी व्रणावर बोट ठेवलं आणि मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा तिथे हात लावत होते. तो भाग माझाच होता, कोमट होता, आणि मी त्याच्याकडे पाहुण्यासारखी बघत होते.

झिणझिण्यांसाठी तिने वेगळं औषध दिलं, ते आमच्या स्वयंपाकघरातच निघालं. आधी कापूस फिरवायचा, मग मऊ साडीचा तुकडा, मग टर्किशचा टॉवेल. ते सोसायला लागलं की हात डब्यात घालायचा: आधी रवा, मग मूग, मग तांदूळ. मी रोज संध्याकाळी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसायचे. "अगं, तांदूळ निवडतेस का हात निवडतेस?" असं आमच्या ह्यांनी विचारून घेतलं. सासूबाईंनी मात्र तो डबा वेगळा काढला, वर चिठ्ठी लावली: "हाताचे तांदूळ, शिजवू नयेत."

क्लिनिकमध्ये आठवड्यातून तीनदा जायचे. आधी वॅक्स बाथ, म्हणजे वितळलेल्या कोमट मेणात हात बुडवून काढायचा, थर बसला की पुन्हा बुडवायचा, मेणाचा हातमोजा होईपर्यंत. मग मसाज, मग व्यायाम, शेवटी गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने मोजमाप. पहिल्या दिवशी मनगट मागे 22 अंश, पुढे 30. तळहात वर वळायचा 35. ती म्हणाली, रोजच्या बहुतेक कामांना मागे-पुढे चाळीस-चाळीस पुरतात, आधी तिथे पोचू. मी वहीत तारीखवार रकाने आखले. जमा, नावे, शिल्लक.

मनगट मागे नेण्याचा मुख्य व्यायाम म्हणजे नमस्कार. दोन्ही तळवे जोडायचे, छातीपाशी धरायचे, आणि तळवे सुटू न देता कोपरं वर उचलायची. निरोगी मनगट जवळजवळ काटकोनात येतं. माझा नमस्कार म्हणजे उजवा तळवा डाव्याला टेकल्यासारखं करून पळ काढायचा. देवासमोर इतका खोटा नमस्कार मी कधी केला नव्हता. त्या वर्षी गणपती 19 सप्टेंबरला बसले. आरतीनंतर भटजी तीर्थ द्यायला आले, मी उजवा हात पुढे केला आणि तळहात तिरका तो तिरकाच. तीर्थ मनगटावरून ओघळून थेट व्रणावर आलं. भटजी म्हणाले, "असू दे काकू, जिथे हवं तिथे गेलं." मला त्या दिवशी ते फारच लागलं होतं, आता हसू येतं.

सिलिकॉनची पट्टीही लावायला सांगितली होती, फुगलेल्या व्रणावर ती चांगली लागू पडते. दिवसाचे निदान बारा तास, दोन-तीन महिने. ज्याने कुणी ती पट्टी शोधली तो ठाण्यात ऑक्टोबर काढून गेलेला नसणार. घामाने ती सरकायची, खाली पुरळ उठायचं. धुऊन, वाळवून पुन्हा लावायची. शेवटी रात्री पंख्याखाली आणि दिवसा ऑफिसच्या एसीत असं जमवलं. उन्हात व्रण झाकायचा, नाहीतर काळा पडतो, हेही पाळलं. तरी थोडा पडलाच.

ऑक्टोबरमध्ये कामावर हजर झाले. साहेबांनी नोटा मोजायचं मशीन माझ्या टेबलावर सरकवलं. पण ग्राहकासमोर दहा नोटा कुणी मशीनमध्ये घालत नाही, त्या हातानेच मोजतात. अंगठा अडखळायचा, अंगठ्याच्या बुडाशी तळहाताचा तुकडा बधिर होता. फिजिओने सांगितलं होतं की तिथली बारीक नस चिऱ्याच्या अगदी जवळून जाते, ती हळूहळू शुद्धीवर येईल, आणि मनगट वाकवताना अंगठ्यात टकटक किंवा घासल्यासारखं वाटलं तर मात्र लगेच सर्जनला दाखवायचं, कारण आतली टायटॅनियमची पट्टी दोरीला घासत असू शकते. तसं झालं नाही. पण मी रोज रात्री कान लावून अंगठा हलवून बघायची, चोर आलाय का बघावं तसं.

डिसेंबरात सगळं थांबलं. मागे 48 अंश, पुढे 45, तळहात 65. तीन आठवडे वहीत तेच आकडे. मी विचारलं, आता एवढंच का? ती म्हणाली, व्रण आठ-नऊ महिन्यांनंतरही बदलत असतो, थांबू नका. या प्रकारच्या फ्रॅक्चरला ज्याचं नाव दिलंय त्या अब्राहम कॉलिस या आयरिश सर्जनबद्दल तिनेच सांगितलं. त्याने 1814 साली हे वर्णन केलं, एक्स-रेचा शोध लागण्याच्या 81 वर्षं आधी. त्याने लिहून ठेवलंय की मनगटाचा आकार वाकडा राहील, पण पुढे कधीतरी हात मोकळा हलेल आणि दुखणं जाईल. "कधीतरी" म्हणजे किती, हे काही तो लिहून गेला नाही. माझ्यासारख्या कॅशियरने असा लेजर लिहिला असता तर ऑडिटरने फाडून खाल्लं असतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये पुतणीचं लग्न. आदल्या दिवशी सगळ्या बायका जांभळी नाक्याच्या बाजारात चुडा भरायला गेलो. मी मागेमागे राहत होते. बांगडी भरताना कासारीण हात दाबून, बोटं एकत्र करून अंगठ्याचं बूड आत घेते, ते मला ठाऊक होतं. सात महिने मी त्या हातात घड्याळसुद्धा घातलं नव्हतं. माझी पाळी आली. डाव्या हातात दोन-सहाच्या बांगड्या सर्रकन गेल्या. उजवा पुढे केला. कासारणीने व्रण पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबायला लागली. थांबून थांबून, अंगठ्याचं बूड तळहाताकडे वळवत, मनगटापाशी येताच हलकी होत. माझ्या फिजिओला शिकवायला तीन आठवडे लागले ते या बाईच्या बोटांत होतं.

"ताठ हाय थोडा," ती म्हणाली. "दोन-सहा न्हाई जायची. दोन-आठ भरते."

दोन-आठ गेल्या. व्रणावरून काच सरकली, गार लागली, झिणझिण्या आल्या नाहीत. मी हात हलवून आवाज ऐकला. डाव्या हातातल्या बांगड्या आणि उजव्या हातातल्या बांगड्या वेगवेगळ्या वाजत होत्या.

अजूनही रात्री मालिका लागली की मी व्रण चिमटीत धरून लाटते. मागे 58 अंश झालंय. पावसाळी हवेत आणि ऑफिसच्या एसीत मनगट ठणकतं, किल्ली फिरते, ओले कपडे पिळताना अजून ह्यांना हाक मारते. सासूबाई शेजारी बसून माझ्या डाव्या हाताला तेल लावतात. "याला काय झालंय?" म्हटलं तर म्हणतात, "सगळं करून दमला तो."